फाटकापाशी नापास

सुमित्राबाई टिपणीस गाडी चालवण्याच्या परीक्षेत नापास झाल्या, ही बातमी संध्याकाळचं दूध यायच्या आधी सगळ्या सोसायटीत पोचली. बातमी एवढी मोठी का झाली, तर त्या परीक्षेत कुणी नापास होऊ शकतं हेच तोवर कुणाला माहीत नव्हतं. तशी काही परीक्षा असते, हेही फार थोड्यांना माहीत होतं.

टिपणीस मंडळी दिल्लीच्या सरोजिनी नगरमधल्या सरकारी क्वार्टरमधून यमुनेपलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला आली होती, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. श्रीरंगराव एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून त्यांनी निरनिराळ्या ऑफिसांतल्या बाबू लोकांनी मिळून काढलेल्या सोसायटीत फ्लॅट घेतला. सोसायटीच्या तीन बाजूंना गव्हाची शेतं होती आणि चौथ्या बाजूला, इथे लवकरच शॉपिंग सेंटर होणार, असा बोर्ड. बोर्डाखाली म्हशी बसत.

सुमित्राबाई पहाडगंजातल्या मराठी शाळेत गणित शिकवत. सरोजिनी नगरहून शाळा एका बसच्या अंतरावर होती. नव्या घरून मात्र मोठी पंचाईत झाली. सोसायटीच्या दारातून ऑफिसवाल्यांनी ठरवलेली चार्टर्ड बस सुटायची, पण ती ऑफिसच्या वेळेवर, म्हणजे शाळेची प्रार्थना संपून पहिला तास निम्मा झाल्यावर. सरकारी बसनं जायचं तर दोन ठिकाणी बदलावी लागे, आणि दुसरी बस येईलच याची खात्री कंडक्टरलाही नसे. त्या सुमारास बँका कर्ज घ्या म्हणून लोकांच्या मागे लागायला शिकल्या होत्या. टिपणीसांकडे पांढरी मारुती आली.

गाडी अर्थातच श्रीरंगराव चालवणार होते. त्यांचं लायसन्स गाडीच्या आधीच आलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी भटनागर यांच्या ओळखीचा एक एजंट होता. त्याला फोटो दिले, सही दिली, लायसन्स घरपोच. सोसायटीत सगळ्यांची लायसन्स अशीच आली होती. नंतर गाडी आली, आणि नंतर गाडी चालवायची वेळ आली. पहिल्याच रविवारी श्रीरंगरावांनी ती मागे घेताना सोसायटीच्या फाटकाच्या खांबावर नेली. त्या खांबावर संगमरवरी पाटी होती, आणि पाटीवर कार्यकारिणीची नावं होती. पाटीचे दोन तुकडे झाले आणि भटनागर एका तुकड्यावर राहिले, बाकीची कमिटी दुसऱ्यावर. त्यानंतर श्रीरंगरावांनी जाहीर केलं की क्लच दाबताना त्यांचा गुडघा दुखतो.

तेव्हा सुमित्राबाई म्हणाल्या, मी शिकते.

त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या आणि तोवर त्यांनी सायकलही चालवली नव्हती. त्यांनी एका मोटर ट्रेनिंगमध्ये नाव घातलं. तिथला रतनलाल हा बुजुर्ग शिक्षक शांत स्वभावाचा होता. त्याच्या शिकवण्याच्या गाडीत त्याच्याही पायाशी क्लच आणि ब्रेक होते. आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालली. बाईंना वाटलं, आपल्याला उपजतच येतं हे. मग एके दिवशी त्यांचं लक्ष रतनलालच्या चपलांकडे गेलं. चपला सारख्या हलत होत्या. गाडी आठवडाभर तोच चालवत होता, बाईंच्या हातात फक्त चाक होतं. त्यांनी त्याला सांगितलं, की पाय वर घेऊन मांडी घालून बसा. रतनलाल मांडी घालून बसला. त्या दिवशी गाडी इतके गचके खात चालली की तो बसल्या जागी डोलत होता, पण तक्रार त्यानं केली नाही.

गाडी हळूहळू बाईंच्या पायाला ओळखू लागली. पण नियम मात्र रतनलालकडे नव्हते. आरसा कशासाठी, असं विचारल्यावर तो म्हणाला, मागचं मागच्यानं बघावं. म्हणून बाईंनी कॅनॉट प्लेसच्या फुटपाथवरून वाहतुकीच्या नियमांचं एक पातळ पुस्तक आणलं आणि ते शाळेच्या पुस्तकासारखं अभ्यासलं. त्यात एक गोष्ट त्यांना फार पटली. पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खांबापाशी पोचली की तिथून दोन सेकंद मोजायचे. त्याआधी आपण त्या खांबापाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. दोन सेकंद मोजायला घड्याळ कोण बघणार. बाईंनी प्रयोग करून ठरवलं की 'श्रीराम जय राम जय जय राम' एकदा सावकाश म्हटलं की दोन सेकंद नीट भरतात. पाऊस असेल तर दोनदा म्हणायचं.

दिल्लीच्या रस्त्यावर याचं असं व्हायचं, की बाईंनी अंतर सोडलं की त्यात स्कूटर शिरायची. बाई स्कूटरच्या मागे नव्यानं अंतर सोडायच्या. त्यात टेम्पो शिरायचा. त्याच्याही मागे अंतर सोडायच्या. त्यांची मुलगी देवयानी कॉलेजात होती. एकदा मागे बसून तिनं हे पाहिलं आणि म्हणाली, "आई, आपण पुढे चाललोय ना नक्की? मला तर वाटतंय आपण बॅक जातोय, यार."

शिकाऊ लायसन्सची मुदत भरत आली तेव्हा भटनागरांनी एजंट पाठवायची तयारी दाखवली. बाईंनी नको सांगितलं. त्या म्हणाल्या, मी परीक्षा देईन. भटनागरांना वाटलं, मराठी माणसं पैसे वाचवतात. पण प्रश्न पैशाचा नव्हता. बाईंनी एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकाही मुलाला पेपर न घेता वरच्या वर्गात ढकललं नव्हतं, आणि आता स्वतःलाच तसं ढकलून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

परीक्षेच्या दिवशी श्रीरंगरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शिकाऊ माणसाशेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा असा कायदा आहे, आणि पक्कं लायसन्स त्यांच्याकडे होतं. जाताना वाटेत त्यांनी पेढे घेतले. बाई म्हणाल्या, निकाल तर लागू दे. श्रीरंगराव म्हणाले की परत येताना हलवायाचं दुकान उलट्या बाजूला पडतं.

परिवहन कार्यालयात खिडकीवरच्या क्लार्कनं बाईंचा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि पलीकडच्या खिडकीवर फोटो काढायला जा म्हणून सांगितलं. बाईंनी विचारलं, परीक्षा कुठे आहे. क्लार्कनं अर्ज उलटा करून दाखवला. परीक्षेच्या रकान्यात 'पास' लिहून झालं होतं. बाई म्हणाल्या, मी तर अजून गाडीत बसलेही नाही. क्लार्क म्हणाला, मग तर उत्तमच, त्रास वाचला. बाई खिडकीवरून हलल्या नाहीत. मागची रांग कुरकुरायला लागली. श्रीरंगराव थोडे बाजूला सरकून भिंतीवरच्या सूचना वाचू लागले. शेवटी क्लार्कनं आत जाऊन इन्स्पेक्टरला बोलावून आणलं.

इन्स्पेक्टरचं नाव त्यागी. जाडजूड, मिशाळ, चष्मा कपाळावर ढकललेला माणूस. नेहमी ते सह्या करण्यापुरते खुर्चीत असत. त्यांनी बाईंचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"मॅडम, काग़ज़ पे तो आप पास हैं," ते म्हणाले. "फिर दिक्कत क्या है?"

"दिक्कत ये है कि आपने मुझे गाडी चलाते देखा नहीं," बाई म्हणाल्या.

त्यागींनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि चला म्हणाले. त्यांच्या मनात होतं की आवारातल्या कडुनिंबापर्यंत गाडी जाऊन परत आली की झालं.

पण गाडीत बसल्यावर बाईंनी आधी आरसा नीट केला, सीट पुढे ओढली, हँडब्रेक तपासला, पट्टा लावला, आणि त्यागींनाही पट्टा लावायला सांगितलं. डावीकडचा पट्टा गाडी आल्यापासून कुणी वापरला नव्हता. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक श्रीरंगरावांनी अजून काढू दिलं नव्हतं, आणि पट्ट्याची कडी त्याखाली दडली होती. ती शोधता शोधता त्यागी घामाघूम झाले. पट्टा त्यांच्या पोटावरून जेमतेम पोचला. एवढा खटाटोप करून कडुनिंबापाशी उतरायचं त्यांनाही बरं वाटेना. शिवाय त्यांना आठवलं, की बायकोनं दुरुस्तीला टाकलेला मिक्सर आज आणायला सांगितलाय. त्यांनी बाईंना फाटकाबाहेर गाडी काढायला सांगितली. मागच्या सीटवर पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन श्रीरंगराव बसले होते.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर बाईंचे ओठ हलू लागले. त्यागींनी कान दिला. रामनाम ऐकून त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली, आणि भीती वाटत असेल तर थांबू या, असं समजुतीनं सुचवलं. बाईंनी त्यांना खांबाचा आणि दोन सेकंदांचा हिशोब समजावला. त्यागी पुढचे तीन-चार खांब स्वतः मोजत राहिले. एका खांबाला त्यांचेही ओठ हलले.

बाजारात मिक्सर घेतला. दुकानदारानं त्यागींना परीक्षा चालू असल्याचं ऐकून चहा पाजला. बाईंनी विचारलं, हा परीक्षेचाच भाग आहे का. त्यागी म्हणाले, पार्किंग बघत होतो. मग ते म्हणाले की आता गाझियाबादच्या बाजूला घ्या, तिथे मेहुणीकडे बायको आलीय, तिला घेऊ. बाईंनी घेतली. मिसेस त्यागी साखरेच्या पोत्याएवढी कोबीची पिशवी घेऊन श्रीरंगरावांच्या शेजारी बसल्या. लाल दिव्यापाशी गाडी थांबली तेव्हा त्यांनी बाहेर पाहिलं, पोलीस कुठे दिसेना. मग गाडी बंद पडली का, असं त्यांनी श्रीरंगरावांना हळूच विचारलं. दिवा लाल आहे म्हणून थांबलोय असं कळल्यावर नंतरचे सगळे दिवे त्यांनी लक्ष देऊन पाहिले.

इथवर सगळं ठीक झालं होतं. परतीच्या वाटेवर रेल्वेचं फाटक लागलं, आणि ते बंद होतं.

दिल्लीच्या आसपास बंद फाटकापाशी काय होतं ते पाहिल्याशिवाय कळत नाही. डाव्या बाजूला रांग लागते. मग कुणीतरी रांग सोडून उजवीकडून पुढे जातो, त्याच्यामागे दुसरा, आणि थोड्या वेळात सगळा रस्ता फाटकाच्या अलीकडे भरून जातो. पलीकडेही तेच झालेलं असतं. फाटक उघडलं की दोन्ही फौजा समोरासमोर. बाई डाव्या रांगेत इंजिन बंद करून उभ्या होत्या. शेजारून ट्रॅक्टर गेला, दोन जीप गेल्या, वऱ्हाडाची बस गेली.

त्यागी अस्वस्थ झाले. ऑफिसात दुपारी मोठे साहेब येणार होते, आणि त्यागींची स्वतःची खुर्ची रिकामी होती. ते म्हणाले, मॅडम, राइट से निकाल लो. बाईंनी मान हलवली. त्या म्हणाल्या, तो समोरून येणाऱ्यांचा रस्ता आहे. त्यागींनी थोडा वेळ कळ काढली. मग मागून अजून एक जीप गेली, आणि त्यांचा धीर सुटला.

"मैं कह रहा हूँ ना," ते म्हणाले. "इंस्पेक्टर मैं हूँ."

बाईंनी क्षणभर विचार केला. परीक्षकानं सांगितलेलं करायचं असतं, असा त्यांचा आजवरचा समज होता. त्यांनी इशारा दिला, आरशात पाहिलं, आणि सगळे नियम पाळत गाडी चुकीच्या बाजूला नेली.

आगगाडी आली, गेली. फाटक उघडलं. समोर विटांनी भरलेला ट्रक उभा होता. बाईंना पुढे जाता येईना आणि ट्रकला मागे. त्यांच्या मागे आता उसाची गाडी होती. सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली. शेवटी त्यागी पट्टा सोडून खाली उतरले आणि हातवारे करून एकेक वाहन मागे घ्यायला लावू लागले. उन्हात त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. मिसेस त्यागींनी काच खाली करून त्यांना दोनदा सांगितलं की आधी ट्रॅक्टर काढा, पण त्यांनी ऐकलं नाही. मध्ये फाटक पुन्हा बंद झालं, पुन्हा उघडलं. श्रीरंगरावांनी मिसेस त्यागींना पेढा दिला. त्यांनी दोन घेतले.

कार्यालयात पोचले तेव्हा मोठे साहेब येऊन गेले होते. त्यागींनी बाईंचा अर्ज मागवला, 'पास' वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, नापास. कारण विचारलं तर म्हणाले, फाटकापाशी उलट्या बाजूनं गाडी काढली.

श्रीरंगराव सहसा सरकारी माणसाशी वाद घालत नसत, ते स्वतः सरकारी होते. पण आज त्यांना राहवेना. ते म्हणाले, आप ही ने तो कहा था.

"कहा था," त्यागी म्हणाले. "इनको मानना नहीं था. गाडी कौन चला रहा था, मैं या ये?"

श्रीरंगरावांना संताप आला. परतताना ते वाटभर बोलत होते, की माणूस स्वतःची लाज झाकायला दुसऱ्याला नापास करतो, वर तक्रार करायला हवी, मंत्रालयात ओळखी आहेत. बाई गाडी चालवत होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "अहो, पण बरोबर आहे त्यांचं." वर्गात त्या मुलांना हेच सांगत असत. मी फळ्यावर चुकले तरी तुम्ही वहीत बरोबर लिहायचं. आज त्यांनी स्वतः फळ्यावरचं चुकीचं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. त्यांना वाईट वाटलं, पण राग आला नाही. उरलेले पेढे त्यांनी घरीच खाल्ले, जेवणानंतर, एकेक करून.

मग सोसायटीचं सुरू झालं. बाकी सगळे न देता पास झालेले, आणि बाई देऊन नापास. त्यामुळे सगळ्या वसाहतीत वाईट गाडी चालवणाऱ्या एकट्या त्याच ठरल्या. त्यांनी गाडी सुरू केली की वॉचमन शिट्टी मारून खेळणाऱ्या मुलांना फुटपाथवर घ्यायचा. भटनागरांनी आपली गाडी दुसऱ्या गल्लीत लावायला सुरुवात केली, हे भटनागर, ज्यांनी दिवाळीत स्वतःची गाडी गुरुद्वाऱ्याच्या पाणपोईत घातली होती. चार्टर्ड बसनं जाणाऱ्या बायका बाईंना प्रेमानं धीर देत. एकीनं नवस सुचवला. देवयानीनं सांगितलं की कॉलेजच्या मैत्रिणींनाही कळलंय, आणि प्लीज कुणी विचारलं तर आई शिकतेच आहे अजून, असं सांगणार आहे. बाई म्हणाल्या, खरंच आहे ते.

पुन्हा शिकाऊ लायसन्स काढलं. आता रोज सकाळी श्रीरंगराव सोबत निघू लागले, कारण कायद्यानं शेजारी कुणीतरी हवं होतं. बाईंना पहाडगंजला सोडून, म्हणजे बाईंनी स्वतःला सोडल्यावर, ते बसनं ऑफिसात जात. तिथे ते इतक्या लवकर पोचत की कुलूप उघडणारा शिपाईही आलेला नसे. नोकरी लागल्यापासून असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी ते शाळेत येईपर्यंत बाई वह्या तपासत बसत.

या प्रवासात बाईंनी नवीनच अभ्यास काढला. त्यांनी श्रीरंगरावांना सांगितलं, तुम्ही त्यागी व्हा आणि मला चुकीचं करायला सांगा. श्रीरंगरावांना हे काम फार आवडलं. ऑफिसात त्यांचं आयुष्य 'येस सर' म्हणण्यात गेलं होतं, हुकूम सोडायला कुणी मिळालंच नव्हतं. ते दरडावून सांगत, घुसव त्या बसच्या पुढे. बाई म्हणत, नाही. इथूनच यू-टर्न घे, कोण बघतंय. नाही. हॉर्न मार, म्हातारा मध्येच उभा आहे. तो झेब्रावर आहे, बाई म्हणत, आणि थांबत. म्हातारा गाडीकडे संशयानं बघत रस्ता ओलांडी.

बाईंना आधी नाही म्हणायला जड जायचं. नंतर सवय झाली. सवय इतकी झाली की एका रविवारी श्रीरंगराव पेपरमागून म्हणाले, चहा टाक जरा. बाई म्हणाल्या, नाही, सहामाहीचे पेपर तपासतेय. मग श्रीरंगरावांनी उठून स्वतः चहा केला, आणि साखर कुठे आहे हे देवयानीला विचारलं. देवयानीलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेला बाई गेल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती. खिडकीवरचा क्लार्क त्यांना बघून उठला आणि त्यागींना बोलवायला गेला. त्यागींनी आता क्लिपबोर्ड घेतला होता. ते पुढे बसले, श्रीरंगराव पुन्हा मागे. गाडी फाटकाबाहेर पडताच त्यांनी इस्पितळाच्या दारापुढे थांबायला सांगितलं. बाई म्हणाल्या, तिथे गाड्या लावायला मनाई आहे. त्यांनी पुढच्या ट्रकला डावीकडून ओलांडायला सांगितलं. बाई नाही म्हणाल्या. त्यांनी शाळेपुढे हॉर्न वाजवायला सांगितलं, बंद पडलेल्या सिग्नलवर सुसाट काढायला सांगितलं, एकदा तर म्हणाले की गिअर न्यूट्रलला टाकून उतारावरून सोडा, पेट्रोल वाचतं. बाईंनी प्रत्येक वेळी शांतपणे नकार दिला. त्यागी दर नकाराला क्लिपबोर्डवर खूण करत होते आणि त्यांचा चेहरा खुलत चालला होता.

फाटकाच्या रस्त्याला त्यांनी गाडी नेऊ दिली नाही. ते स्वतःहूनच म्हणाले, की त्या दिवशी उन्हात ट्रक मागे घेताना ड्रायव्हरनं मला विचारलं, ही पांढरी गाडी इथे कुठल्या गाढवानं घातली. मी काय सांगणार होतो त्याला.

गाडी कालव्याच्या अरुंद पुलावर चढली. काच खाली होती, वारा सुटला होता. त्यागींनी खूण करायला कागद सरकवावा म्हणून क्लिप दाबली, आणि बाईंचा अर्ज फोटोसकट उडून खिडकीबाहेर गेला.

"रोको, रोको, गाडी रोको," त्यागी म्हणाले.

"पुलावर थांबता येत नाही," बाई घाईत मराठीतच बोलल्या. मग हिंदीत म्हणाल्या.

"अरे, आपका फॉर्म है वो. सच में गया."

बाई थांबल्या नाहीत. त्यांना वाटत होतं ही शेवटची परीक्षा आहे आणि हा माणूस फार हुशार आहे. मागून श्रीरंगराव ओरडून सांगत होते की सुमित्रा, खरंच गेलाय गं. त्यांच्यावर तर बाईंनी महिनाभर अविश्वास ठेवायचा सराव केला होता. पूल संपल्यावर बाईंनी इशारा दिला, गाडी डावीकडे कच्च्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. तिघं उतरून कठड्यापाशी गेले. अर्ज पाण्यावर उताणा पडून संथपणे निघाला होता. फोटोतल्या सुमित्राबाई आकाशाकडे बघत होत्या.

त्यागी बराच वेळ हसत होते. कठडा धरून हसत होते. मग डोळे पुसून त्यांनी सांगितलं, की मॅडम, आप पास हैं, पण काग़ज़ नव्यानं करावे लागतील. ते खरंच नव्यानं करावे लागले. क्लार्कनं बाईंना पहिल्या खिडकीपासून सगळं पुन्हा करायला लावलं, आणि लायसन्स हातात यायला आणखी बरेच दिवस गेले. मिसेस त्यागींनी एकदा घरी फोन करून विचारलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही बायकांना शिकवाल का. त्यांना स्वतःला शिकायचं होतं, आणि नवऱ्याकडून शिकायचं नव्हतं. बाईंनी हो म्हटलं.

लायसन्स आल्याचं कळल्यावर सोसायटीतल्या तिघी-चौघी बाईंच्या गाडीतून दिल्लीला निघाल्या. बसच्या दुप्पट वेळ लागला. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा चार्टर्ड बसमध्ये होत्या. मिसेस भटनागर तेवढ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, वेळ लागतो, पण वाटेत मला झोप लागते, आमच्या यांच्या गाडीत कधी लागली नाही.

श्रीरंगरावांना आता सोबत जायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी ते घरी थांबले, आरामात उठले, आणि नंतर भटनागरांशेजारी उभे राहून चार्टर्ड बसची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाई खाली उतरल्या तेव्हा ते डबा घेऊन गाडीपाशी उभे होते. बाईंनी विचारलं, आज काय काम आहे लवकर. ते म्हणाले, काम काही नाही. मग पट्टा लावता लावता समोर बघत म्हणाले, "मला शिकवशील का, नीट? कुणाला सांगू नकोस फक्त."

तेव्हापासून रविवारी सकाळी वसाहतीमागच्या मोकळ्या प्लॉटांवर गाडी जाते. श्रीरंगराव चाकाशी असतात, बाईंचा हात हँडब्रेकवर असतो. पहिला गिअर त्यांना आता छान जमतो, आणि दुसरा गेल्या महिन्यात जमला. बाई घाई करत नाहीत.